हवेची कमान

चाकाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. पण त्या चाकावर बसून प्रवास करणाऱ्याच्या कमरेचा इतिहास कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक चाक फिरू लागले त्याच दिवशी ही कंबर दुखू लागली असली पाहिजे. बैलगाडीत पेंढा पसरून वर घोंगडी अंथरायची ही आपली जुनी रीत म्हणजे त्या दुखण्यावरचा पहिला लेप. लहानपणी जत्रेला जाताना ज्यांनी छकड्यात बसून ओढ्याची उतरण अनुभवली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

पेंढ्यापासून निघालेला हा इतिहास आज कोठवर आला आहे? तर दोन-अडीच टन वजनाची, एखाद्या बेताच्या खोलीएवढी मोटार चार रबरी पिशव्यांतल्या हवेवर तोलून धरण्यापर्यंत. ज्या दांडग्या गाड्यांना हल्ली सर्रास ‘एसयूव्ही’ म्हणतात, त्यांतल्या उंची गाड्यांना ही विद्या अवगत आहे. रस्ता खडकाळ लागला की त्या अंग वर उचलतात. घरातले वडीलधारे माणूस चढायचे असले की उंटासारख्या खाली वाकतात. आणि कधी कधी मालकाने न सांगताच रात्रीतून एका कुशीवर बसून राहतात! आजचा माझा विषय हे न सांगता बसणे हाच आहे.

विषय यंत्राचा असला तरी मी यंत्रज्ञ नव्हे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट लवकर कळते. ती ही की, दुखणे जेथे दिसते तेथे ते बहुधा नसते. हवेच्या कमानीचा सबंध इतिहास मला याच एका वाक्याचा विस्तार वाटतो, म्हणून तो सांगण्याचा हा खटाटोप.

*

पेंढ्यानंतर आली ती पोलादी कमान. १८०४ साली इंग्लंडातील ओबडाया इलियट याने घोडागाडीखाली बसवायच्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक रचून केलेली ही कमान आपण टांग्याखाली पाहिली आहे, मालट्रकखाली आजही पाहतो. गॅरेजमधली पोरे तिला ‘पाटा’ म्हणतात. बिचारी न कुरकुरता ओझे वाहते असे मात्र म्हणता येणार नाही. कुरकुर ती भरपूर करते, पण ओझेही वाहते.

पोलादात दोष आहे तो त्याच्या हट्टी स्वभावाचा. एकदा त्याचा कडकपणा ठरला की ठरला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर आपली पहिली एस. टी. धावली, तेव्हापासून मराठी माणसाने या हट्टाचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. भरलेल्या गाडीचे ओझे पेलावे म्हणून पाटे कडक ठेवायचे; मग गाडी रिकामी असली की मागच्या बाकावरचा उतारू प्रत्येक खड्ड्याला छताचे दर्शन घेऊन येतो. बरे, पाटे मऊ ठेवावेत तर भरल्या गाडीचे पोट रस्त्याला लागते. रिकाम्या आणि भरल्या गाडीला सारखीच मऊ असणारी कमान पोलादातून सहजी निघत नाही.

अशी कमान निसर्गाने मात्र फुकट वाटून ठेवली आहे. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा खाली दाबून पाहा. प्रथम तो सहज जातो, मग जड जातो, आणि हात सोडला की उलट वर येतो. हवा दाबली जाते, पण दबून राहत नाही. वर्गात हा प्रयोग करताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येतात, असा माझा अनुभव आहे. १६६० साली रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने आपल्या हवेच्या प्रयोगांचे पुस्तक छापले, तेव्हा त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्द त्याने घातला होता. पुढे १६६२ साली दुसऱ्या आवृत्तीत त्याने दाब आणि आकारमान यांचा तो नियम मांडला, जो आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. उष्णता तीच राहिली तर हवा निम्म्या जागेत कोंबली असता तिचा दाब दुप्पट होतो. याचा अर्थ असा की, ओझे वाढेल तशी हवेची कमान आपोआप अधिक ताठ होते. शिवाय ओझे वाढले तर तीत आणखी हवा भरावी, कमी झाले तर थोडी सोडावी. गाडीची उंची तीच राहते आणि डोलही जवळजवळ तोच राहतो. पोलादाला जे मुळीच साधत नाही, ते हवेला सहज साधते.

मग माणसाने पोलाद टाकून लगेच हवा का घेतली नाही? उत्तर एका शब्दात आहे: भोक.

*

हवेवर बसण्याची पहिली मजल चाकात झाली. १८४५ साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन या २३ वर्षांच्या तरुणाने ‘हवाई चाकां’चे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तीत हवा, आणि वरून चामड्याचे आवरण असा तो प्रकार. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने तो लोकांना दाखवला. एका घोडागाडीची अशी चाके सुमारे १,२०० मैल चालली, तरीही ती कल्पना मागे पडली. चांगले रबर महाग होते, आणि तिची गरज भासावी इतक्या वेगाने धावणारे वाहन अजून रस्त्यावर यायचे होते. पुढे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर केले आणि १८८८ साली पेटंट घेतले. थॉमसनचा जुना कागद उघडकीस आल्यावर ते पेटंट रद्द ठरले. पण तोवर सायकलीचे युग आले होते, आणि टायर राहिला तो कायमचा.

चाकातली हवा चाकाच्या वर, गाडीच्या अंगाखाली आणावी, हे पुढचे पाऊल. १९०१ साली अमेरिकेत विल्यम हंफ्रीज याने गाडीच्या दोन्ही अंगांना लांबच लांब हवेच्या उशा बसवण्याचे पेटंट घेतले. फ्रान्सच्या जॉर्ज मेसिए याने तर १९२०च्या दशकात पोलादी कमान नसलेल्या, हवेवर तोललेल्या मोटारीच काढल्या. १९३०च्या दशकात अमेरिकेतील फायरस्टोन या टायरच्या कंपनीने रबरी भात्यांचे प्रयोग चालवले. पण प्रयोगातून बाजारात येणे हवेला सोपे नव्हते. पोलादी पाटा तुटला तरी निदान मोडलेला तुकडा हाती लागतो. हवा गेली म्हणजे गेली. मागे काहीच उरत नाही, मग शोधायचे काय?

हवेला पहिला पक्का आश्रय मिळाला तो बसगाडीखाली. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या हवेवर धावू लागल्या. १९५४ साली ग्रेहाउंड कंपनीची दुमजली थाटाची ‘सीनिक्रूझर’ आली, तीही हवेवरच. बसमध्ये ही विद्या का टिकली हे समजून घेण्यासारखे आहे. बसला ब्रेकसाठी हवेचा पंप मुळातच असतो. शिवाय बस रोज डेपोत येते, तेथे कोणीतरी तिच्याखाली डोकावतो, आणि हवेची फुसफुस ऐकून त्याचे कान टवकारतात. गळती रोजच्या रोज सापडली तर ती मोठा आजार होत नाही. सांगावयाचे म्हणजे बसला तिचा वैद्य घरातच होता. खासगी मोटारीला तो नव्हता, आणि पुढचे रामायण घडले ते त्यामुळेच.

*

मध्यंतरी फ्रान्समध्ये एक चमत्कार झाला, तो येथे सांगितलाच पाहिजे. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने ‘डी. एस.’ नावाची गाडी मांडली. हिच्यात प्रत्येक चाकापाशी धातूचा एक गोळा होता. गोळ्यात एका बाजूला कोंडलेला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला दाबाचे तेल, आणि मध्ये रबराचा पडदा. कमानीचे काम वायू करी, उंची राखण्याचे काम तेल करी. ही रचना ज्याने बसवली तो पॉल माझेस अभियांत्रिकीच्या शाळेत शिकलेला नव्हता, हे मी आमच्या वर्गात मुद्दाम सांगत असतो. पहिल्या दिवशीच सुमारे १२,००० लोकांनी त्या गाडीची मागणी नोंदवली. पुढे २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डी. एस. वर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले, तरी चालकाने गाडी सावरून सुसाट बाहेर काढली, आणि द गॉल व त्यांच्या पत्नी सुखरूप राहिल्या. वायूच्या कमानीला एवढी मोठी प्रशस्ती क्वचितच मिळाली असेल.

अमेरिकेत मात्र नेमके उलटे घडले. १९५७ साली ‘कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम’ ही गाडी निघाली. किंमत १३,०७४ डॉलर. त्या वर्षी जेमतेम ४०० गाड्या तयार झाल्या. तिच्या चारी चाकांवर हवेच्या कमानी होत्या. श्रीमंताने पाय वर करून बसावे आणि रस्त्याने आपली पायरी ओळखून गप्प राहावे, असा एकंदर बेत. पुढल्याच वर्षी, १९५८ साली, शेवरोलेपासून ब्यूइकपर्यंत जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांनाही जादा पैसे भरून हवा घेता येऊ लागली. आणि मग सकाळी सकाळी घरोघरच्या मोटारी जमिनीला टेकलेल्या दिसू लागल्या. सांध्यांतून हवा निसटे. हवेबरोबर आत शिरलेली ओल थंडीत गोठून झडपा अडकवी. जवळच्या मिस्त्रीला या यंत्राची ओळख नाही. तो एक भाग बदली, गाडी चार दिवस उभी राही, पुन्हा बसे. शेवटी पुष्कळ मालकांनी वैतागून हवेच्या पिशव्या उपटून काढल्या आणि त्यांच्या जागी मुकाट्याने पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. १९६० नंतर ती हौस अमेरिकेच्या खासगी मोटारींतून जवळजवळ मावळली.

त्या मालकांना मी दोष देत नाही. ज्याला सकाळी कामावर जायचे आहे, त्याने हवेच्या तत्त्वज्ञानावर किती दिवस श्रद्धा ठेवावी? पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहिला पाहिजे. ‘हवा वाईट’ असे ते म्हणाले. त्याच सुमारास हजारो बसगाड्या त्याच हवेवर इमानाने धावत होत्या. जर्मनीत १९६० साली बोर्गवार्डने आणि १९६१ साली मर्सिडीजने हवेवरच्या गाड्या काढल्या. हवेने बेइमानी केली नव्हती. भोक कोठे आहे हे शोधणारा माणूस कमी पडला होता.

*

पुढे ही विद्या परत आली ती विजेचा मेंदू घेऊन. १९८४च्या लिंकन मोटारींत हवेच्या कमानींवर इलेक्ट्रॉनिक पहारा बसला. आणि १९९२ साली इंग्लंडच्या लँड रोव्हरने आपल्या लांब बांध्याच्या रेंज रोव्हरमध्ये हवेच्या कमानी घातल्या. शेतात चालणारी आणि दिवाणखान्यात शोभणारी म्हणून ही गाडी १९७० साली जन्मली होती. तेव्हा तिच्याखाली लांब झोक्याच्या पोलादी स्प्रिंगा होत्या. बावीस वर्षांनी तिने हवा घेतली, आणि १९९४ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत तर हीच कमान तिचे भूषण ठरली. त्यानंतर जर्मनांच्या आणि इतरांच्या मोठ्या गाड्या त्याच वाटेने आल्या.

ही यंत्रणा समजायला कठीण नाही. एक विजेवर चालणारा पंप. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो बाहेरची हवा ओढतो आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डब्यातून पुढे ढकलतो. हवा एका टाकीत साठते. दाब साधारण १० बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या चौपट. टाकीपुढे झडपांचा ठोकळा. त्यातून चारी पिशव्यांना बारीक नळ्या गेलेल्या. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा एक दांडा. आणि या सर्वांवर नजर ठेवणारा मेंदू. हवा सोडायची झाली तर ती त्याच दाण्यांमधून उलट बाहेर जाते आणि जाताना दाण्यांतली ओल बरोबर नेते, अशी मोठी हुशारीची योजना आहे.

आता यातले काय बिघडते? पहिली पिशवी. तिचे रबर जेथे दुमडते तेथे घडीवर बारीक चिरा पडतात, जशा जुन्या छत्रीच्या कापडाला घडीवर पडतात. मग नळ्यांचे सांधे. मग झडपांच्या ठोकळ्यातल्या अंगठीएवढ्या रबरी कड्या. त्या वयोमानाने कडक होतात. उंचीचे दांडे झिजतात आणि खोटे सांगू लागतात. आणि पंप मरतो. बहुतेक बिले या शेवटच्या नावावर फाटतात.

पण पंप का मरतो? रात्रभर सुईच्या अग्राएवढ्या भोकातून हवा जात असते. सकाळी गाडी सुरू केली की पंपाला गेलेली सगळी हवा पुन्हा भरावी लागते. जे काम दिवसातून चार मिनिटे करायचे ते तो चाळीस मिनिटे करतो. तापतो. त्याच्या दट्ट्याची कडी झिजते. ओल शोषणाऱ्या दाण्यांना वाळायला सवड मिळत नाही. ते चिंब होतात, आणि ओल पुढे झडपांत जाते. मग एके दिवशी काचेखाली लाल अक्षरे उमटतात, आणि तपासणीचे यंत्र लावले की ते सांगते, ‘टाकी भरायला फार वेळ लागतो.’ यंत्राचे म्हणणे खरे असते. पण ते फक्त उशीर कोणाला झाला एवढे सांगते. उशीर का झाला हे सांगत नाही. उशिरा येणाऱ्या मुलाला छडी मारणाऱ्या मास्तरासारखे घाईचे गॅरेज पंप बदलून मोकळे होते. नवा पंप त्याच भोकाशी झुंजतो आणि काही महिन्यांत त्याच वाटेने जातो.

*

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेतून गेलेला एक विद्यार्थी लग्नसराईत नवरदेवासाठी गाड्या भाड्याने देतो. त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून अशीच एक परदेशी बनावटीची मोठी, वापरलेली गाडी घेतली. वर्षभराने गाडी सकाळी मागच्या अंगाने बसलेली दिसू लागली. एका नावाजलेल्या ठिकाणी त्याने पंप बदलून घेतला. बिल त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढे झाले. चार महिन्यांत पुन्हा तोच प्रकार. मला भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, गाडी बसली की माझं कर्ज उभं राहतं.” पिशव्या काढून पोलादी स्प्रिंगा घालाव्यात, नाहीतर येईल त्या किमतीला गाडी विकावी, या विचारापर्यंत तो आला होता. घरात तान्हे मूल, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पंधरवड्यातल्या सगळ्या तारखांचे विसार घेऊन झालेले.

हमरस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली, तेव्हा मीही कुतूहलाने बरोबर गेलो. मिस्त्रीने कशालाही पान्हा लावला नाही. त्याने फूटपट्टी मागितली. चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवली. मग यंत्रणेचा फ्यूज काढला आणि म्हणाला, “आता उद्या सकाळी या.”

मला फ्यूज काढण्याचे कारण कळेना. त्याने समजावून सांगितले ते मी कधी विसरणार नाही. “मास्तर, ही गाडी झोपेतसुद्धा जागी असते. मधूनमधून उठते, बघते, एक कोपरा खाली गेला असला तर बाकीचे तीन पण त्याच्याबरोबर खाली घेते. सकाळी बघावं तर सगळी गाडी सारखी बसलेली. चोर कोण ते कळत नाही.” खोडी एकाची आणि उभा सगळा वर्ग, हा प्रकार मास्तराला चांगला ठाऊक असतो. फ्यूज काढला म्हणजे मेंदू झोपतो, आणि ज्याची हवा जाते तोच कोपरा खाली येतो.

सकाळी खडूचे आकडे बोलले. तीन कोपरे जागच्या जागी. मागचा उजवा तीन बोटे खाली. आता साबणाचे पाणी आले. पिशवीवर शिंपडले, काही नाही. नळीच्या सांध्यावर, काही नाही. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मिस्त्रीने फ्यूज पुन्हा बसवून गाडी सर्वांत उंच पातळीवर नेली, दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावून अंग त्यांवर टेकले की नाही हे हलवून पाहिले, आणि मगच हात आत घातला. (हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली स्टँड न लावता कधीही डोके घालू नये, हवा केव्हा जाईल ते सांगून जात नाही, आणि गाडीचे वजन तर आपण वर वाचलेच आहे.) गाडी उंचावल्यामुळे पिशवीची एरवी दुमडलेली घडी आता उघडी पडली होती. तेथे साबण लागताच मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. आम्ही तिघेही गुडघ्यांवर बसून त्या बुडबुड्यांकडे देवदर्शन झाल्यासारखे पाहत राहिलो.

दोन्ही मागच्या पिशव्या एकाच वयाच्या, म्हणून त्याने दोन्ही बदलल्या. ओल शोषणारे दाणे बदलले. पंप काढून ऐकला, त्याच्या दट्ट्याची कडी नवी घातली, आणि पंप तोच ठेवला. एकंदर खर्च मागच्या बिलाच्या निम्म्याहून कमी आला. त्या लग्नसराईतली एकही तारीख चुकली नाही.

*

रेंज रोव्हरच्या इतिहासातही अमेरिकेचे नाटक पुन्हा रंगले. जुन्या गाड्यांच्या वैतागलेल्या मालकांसाठी पोलादी स्प्रिंगांचे तयार संच बाजारात आले, आणि कित्येकांनी ते घेतले. पोलाद बसले की गाडी रात्री बसत नाही हे खरे. पण ती वाकतही नाही आणि उठतही नाही. १९५८ साली जो सौदा झाला तोच हा सौदा. फरक एवढाच की, या वेळी काही हट्टी मालकांनी आणि मिस्त्रींनी फूटपट्टी, खडू आणि साबण हाती घेतले. बनवणाऱ्यांनीही वाट सोडली नाही. २००२ आणि २००४ साली आलेल्या लँड रोव्हरच्या नव्या गाड्यांत समोरासमोरच्या पिशव्या झडपांनी एकमेकींना जोडण्याची सोय झाली. त्यामुळे खडकाळीत एक चाक वर गेले की त्याची हवा जोडीदाराकडे जाते, आणि दुसरे चाक जमिनीला घट्ट धरून राहते.

या गोष्टीचा आपल्या मुलखाशी संबंध आला तो २००८ साली. टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही इंग्रजी कारखाने फोर्ड कंपनीकडून २.३ अब्ज डॉलरना विकत घेतले. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरच्या धाकट्या गाडीची जुळणी सुरू झाली, आणि मे २०२४ मध्ये रेंज रोव्हरही पुण्यात तयार होणार असल्याचे जाहीर झाले. तोवर ही गाडी मुख्यतः इंग्लंडातील सॉलिहल येथेच तयार होत असे. ज्या पुण्याहून १९४८ साली पाट्यांवर आदळत पहिली एस. टी. नगरला निघाली, त्याच पुण्यात आता हवेवर तरंगणारी गाडी उभी राहते, याचे मला कौतुक वाटते.

पण या कौतुकाबरोबर एक काळजीही आहे. गाड्या तयार करायला कारखाना पुरतो. त्या जुन्या झाल्यावर जगवायला खडूने आकडे लिहिणारा मिस्त्री लागतो. आज या नव्या गाड्या पहिल्या मालकाच्या दारी उभ्या आहेत. दहा वर्षांनी त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, कर्ज काढून घेणाऱ्या एखाद्या धडपड्या पोराकडे जातील. आपल्याकडचे दमट पावसाळे पाहता ओल शोषणारे ते दाणे वेळेवर कोण बदलील, घडीवरची चीर कोण पाहील, आणि यंत्राने ‘पंप’ म्हटले तरी ‘थांबा, आधी भोक शोधू’ असे कोण म्हणेल, यावर त्या पोराचे घर चालायचे की नाही ते ठरणार आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुलांना मोटारीचे वेड आहे. पुस्तकातला बॉइलचा नियम त्यांना मी हल्ली पंपाबरोबर साबणाचे पाणी घेऊन शिकवतो. फुटक्या फुग्याचे भोक पाण्यात धरून शोधणे ज्याला आवडते, तो पुढे चांगला मिस्त्री होईल अशी मला आशा आहे.

या दिवाळीत आपल्यापैकी कित्येक जण हवेवरच्या आरामगाडीने गावी जातील. थांब्यावर गाडी टेकताना ‘फुस्स’ असा आवाज झाला तर तो जरूर ऐकावा. कमानीतली हवा चालकाने सोडलेली असेल तर काळजीचे कारण नाही. पण गाडी उभी राहून बराच वेळ झाला, चालक चहाला गेला, आणि तरीही एका कोपऱ्यातून बारीक फुसफुस येतच असेल, तर उतरून त्याला तेवढे सांगावे.